मुठीचा धर्म

(परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका खेड्यात, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी चावडीपुढे भरलेल्या सभेतील भाषण)



दिवसभर रानात राबून, हातपाय धुऊन, भाकर खाऊन तुम्ही येथे जमलात. तुमचा वेळ आम्हांला फुकट दवडावयाचा नाही. भाषण ऐकून कोणाचे पोट भरत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. सबब आज पोटाचीच गोष्ट बोलतो. आणि तीही आपल्या गावच्या लेकरांच्या पोटाची.

दसरा झाला. आता चार-आठ दिवसांत मुकादमाच्या गाड्या येतील. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर ह्या बाजूंच्या वाड्या-तांड्यांतून माणसे निघतील. गाडीत पेटी, पीठ, कोंबड्या, शेळी आणि वर लेकरे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्या धंद्याचा हिशेब. त्या हिशेबात लेकरू कोठेच धरलेले नाही. पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फिटली पाहिजे. म्हणून आईबापांना थांबता येत नाही. मग लेकरू काय करणार? आईबापांबरोबर गेले तर पाचटाच्या कोपीत राहून धाकट्या भावंडाला सांभाळणार, आणि शाळा सुटणार. मागे राहिले तर आजीपाशी राहणार. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, चुलीपुढे बसवत नाही. दुपारची खिचडी शाळेत मिळते, हे खरे. परंतु रात्रीच्या भाकरीचे काय? रविवारचे काय? दिवाळीच्या सुट्टीचे काय? रात्रीच्या एका भाकरीपायी लेकरू शाळेतून उठते आणि चैत्रात परत येते तेव्हा त्याची इयत्ता पुढे गेलेली असते आणि ते मागे राहिलेले असते.

तेव्हा आजचा प्रश्न इतकाच, की ही लेकरे कोणाची? मुकादमाची? कारखान्याची? सरकारची? आम्ही म्हणतो, गावची.

हे ऐकून कोणी म्हणेल, दानधर्म करावा सावकाराने, आडत्याने, पुढाऱ्याने. आम्ही स्वतःच कर्जात बुडालेलो, आम्ही काय देणार? हा प्रश्न खोटा नाही. परंतु आपल्या वाडवडिलांनी त्याचे उत्तर एका म्हणीत देऊन ठेवले आहे : गाव करी ते राव न करी. राव एकदा देतो, आणि मग जन्मभर ते बोलून दाखवितो. त्याने शाळेला पंखा दिला तर पंखा तीन पात्यांचा आणि नाव चार ओळींचे! गाव रोज देते, थोडे देते, आणि कोणाचे किती हे कोणी लक्षात ठेवीत नाही. म्हणून गावाचे देणे टिकते.

ही नुसती म्हण नव्हे, घडलेली गोष्ट आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याला चार वर्षे होतात न होतात तोच मोठा दुष्काळ पडला. १८७७ साली समाजाच्या मंडळींनी पत्रक काढून लोकांकडे मदत मागितली आणि पुण्याजवळ धनकवडीच्या छावणीत रोज हजारांवर मुलांना जेवू घातले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नरकडे दुष्काळी कामात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना त्यांनी पत्र लिहिले, त्यात दुष्काळाचे हाल आणि समाजाच्या मंडळींचे काम त्यांनी कळविले आहे. हीच माउली पुढे प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना स्वतः आजारी पडली आणि १० मार्च १८९७ रोजी गेली. सावित्रीबाईंपाशी काही जहागीर नव्हती. पाठ होती, ती दिली.

दुसरी गोष्ट साताऱ्याकडची. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीत जेवीत. १९२७ साली गांधीजींनी तेथे येऊन त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. परंतु नावाने पातेले भरत नाही. मुलांच्या जेवणाला धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. आणि एकट्या लक्ष्मीबाईंच्या सोन्यावर एवढा गाडा चालणार नाही हे ओळखून भाऊरावांनी मुष्टिफंड काढला. घरच्या बाईने रोज दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावयाचे, आणि ते वसतिगृहाच्या मुलांसाठी गोळा करावयाचे. त्या मुठींवर शेतकऱ्यांची पोरे शिकली. आज त्या संस्थेच्या शेकडो शाळा व महाविद्यालये आहेत. त्यांच्या पायात सोने थोडे आणि ज्वारी फार आहे!

त्या काळी आपल्या परभणीची अवस्था काय होती? १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. खेड्यात शाळा विरळा, आणि वरचे शिक्षण उर्दूतून. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले ते हौसेने नव्हे. त्यांना शाळा नव्हती. आज गावोगाव शाळा आहे, मास्तर आहे, पुस्तके फुकट आहेत. आणि तरीही रात्रीच्या भाकरीसाठी आपले लेकरू अंगठ्याकडे परत चालले, तर दोष कोणाला देणार?

आता मुठीचा हिशेब ऐका. आम्ही तागडीत घालून पाहिली. बाईमाणसाच्या एका मुठीत सुमारे पन्नास ग्रॅम ज्वारी बसते. रोजची एक मूठ, तर वर्षाची अठरा किलो. शंभर घरांची अठरा क्विंटल. एका लेकराला दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरा, म्हणजे हंगामाच्या सहा महिन्यांत त्याला बहात्तर किलो लागते. भागाकार करा. शंभर घरांच्या मुठीत पंचवीस लेकरे सहा महिने दोन्ही वेळा जेवतात! आणि ज्या घराने मूठ दिली त्या घरची एकही भाकरी त्यासाठी कमी होत नाही. चिमण्या खळ्यावर ह्याहून जास्त खातात.

कोणी म्हणेल, ज्वारी आहे कोठे? खरिपात सोयाबीन आणि कापूस. ते काय मुठीने चुलीवर घालावयाचे? खरे आहे. ज्याच्या रानात रब्बीची ज्वारी आहे त्याने ज्वारी द्यावी. ज्याची तूर आहे त्याने डाळ द्यावी. ज्याचे सोयाबीन मोंढ्यावर जाते त्याने पोत्यामागे काही ठरवून पैसे द्यावेत, त्यातून तेल-मीठ येईल. ज्याला शेतच नाही त्याने मनाला लावून घेऊ नये. त्याच्या हातात कसब आहे. शिंप्याने वर्षाला दोन लेकरांचे कपडे शिवावेत. न्हावीदादाने महिन्यातून एका सकाळी पोरांचे केस कापावेत. कुंभाराने रांजण द्यावा. सुताराने फळी ठोकून द्यावी. गवंड्याने चूल बांधून द्यावी. चर्मकारदादाने तुटलेल्या चपला शिवाव्यात. ज्याला लिहितावाचता येते त्याने रात्री कंदिलापाशी किंवा दिव्यापाशी बसून तासभर पाढे घ्यावेत. आणि जिच्यापाशी ह्यांपैकी काहीच नाही, त्या म्हातारीने मुलींच्या सोबतीला रात्री तेथे निजावे. तिची मूठ सगळ्यांत मोठी, कारण तिच्या भरवशावर परक्या गावी आई निर्धास्त निजेल.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरली पाहिजे. धान्य सगळ्या वाड्यांतून यावयाचे, आणि चूल एकच पेटावयाची. पंगतही एकच. अमक्याचे पीठ वेगळे, तमक्याची ताटली वेगळी, असे ज्याला हवे असेल त्याने आपली मूठ आपल्या घरीच ठेवावी. साताऱ्याला शंभर वर्षांपूर्वी जे साधले ते आपल्याला आज साधू नये काय? आपल्याच परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसात हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून चालतात. उरुसात चालतो तो शेजार पंगतीतही चालला पाहिजे.

आता पैशाचे बोलू. आपण दान करीत नाही असे नाही. करतो, परंतु भलतीकडे करतो. लग्नात वाजंत्रीच्या भिंती उभ्या करतो, त्यांनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते आणि घरधन्याची तिजोरी. तेराव्याला गाव जेवतो, आणि ज्याच्या बापाचे ते तेरावे तो दुसऱ्या दिवशी उचल घ्यावयास मुकादमाच्या दारी उभा. वाढदिवसाला चौकात हातभर मिशांचे फलक लागतात. आठ दिवसांनी वारा ते फाडतो. सत्यशोधक मंडळींनी २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले लग्न साधेपणाने लावून दाखविले. कर्ज काढून धर्म होत नाही, हा त्यातला धडा होता. दीडशे वर्षे होऊन गेली, तो धडा अद्याप आपल्याला पाठ झालेला नाही. आम्ही म्हणत नाही की लग्नात हसू नका, मेलेल्यासाठी रडू नका. आमचे म्हणणे इतकेच, की लग्नात एक वाजंत्री कमी करा आणि ते पैसे लेकरांच्या चुलीला द्या. बापाच्या नावाने गावजेवण न घालता पंचवीस लेकरांना महिनाभर दूध द्या. बाप कोठे असेल तेथे सुखावेल. आणि कोठेच नसेल, तरी लेकरांच्या अंगाला दूध लागेलच.

देणे झाले, आता दुसरे काम, सांगणे. पुष्कळ लोक देत नाहीत ते कंजूष म्हणून नव्हे, त्यांना ठाऊक नसते म्हणून. आणि पुष्कळ आईबाप लेकराला बरोबर नेतात ते निर्दय म्हणून नव्हे, दुसरी वाट ठाऊक नसते म्हणून. तेव्हा सांगण्याचेही दान असते. ते कसे करावे हे गाडगेबाबांनी दाखविले. बाबा १८७६ साली शेंडगावी परिटाच्या घरी जन्मले आणि १९५६ साली गेले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडीत. बोलणे रात्री, कीर्तनात. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत सुखाने राहिले नाहीत. ज्याचा खराटा लोकांनी सकाळी पाहिला त्याचे बोलणे रात्री ऐकले. आधी आपली मूठ घाला, मग शेजाऱ्याच्या दारात जा.

काय सांगावे? तीन गोष्टी. पहिली : गाडी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा. लेकराला बरोबर नेणे अगदीच भाग असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जेथे जाल तेथल्या शाळेत लेकराला बसविण्याचा हक्क आहे, दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आहे. दुसरी : मागे राहणाऱ्या लेकरांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहांची सोय काढली आहे, आणि २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही काढली आहे. आपल्या गावाला त्यातले काय मिळते ते शाळेच्या समितीने विचारले पाहिजे, लेखी विचारले पाहिजे. तिसरी : ह्या गावात लेकराला ठेवून गेलात तर ते उपाशी निजणार नाही. पहिल्या दोन गोष्टी सरकारने सांगितल्या आहेत. तिसरी फक्त आपणच सांगू शकतो.

कोठे सांगावे? जेथे माणूस जमतो तेथे. गिरणीत दळणाचा नंबर लागेपर्यंत बाया बसतात, तेथे. न्हाव्याच्या खुर्चीत, आठवडी बाजारात, पारावर, भजनात, बचतगटाच्या बैठकीत. पोरांच्या मोबाईलवर दिवसभर पुढाऱ्यांची छायाचित्रे फिरतात. त्यातून एकदा आपल्या चुलीचा हिशेबही फिरू द्या. परंतु लेकरांची केविलवाणी छायाचित्रे फिरवू नका. लेकराच्या हातात वही देऊन, शेजारी पाहुणा उभा करून, फोटो काढून दान करणे म्हणजे वहीची किंमत लेकराच्या मानेतून वसूल करणे होय. घेणाऱ्याची मान खाली गेली तर तो धर्म नव्हे, व्यापार झाला.

कोणी म्हणेल, हे सगळे सरकारचे काम. होय, सरकारचेच आहे! ते सरकारकडून करवून घेतलेच पाहिजे; अर्ज करा, ठराव करा, पुन्हा विचारा. परंतु अर्ज टेबलावरून टेबलावर जाईपर्यंत थंडी संपते, आणि लेकराला भूक रोज संध्याकाळी लागते. सरकारचे वसतिगृह सुरू झाले तर फार चांगले; आपले धान्य आजारी माणसाला, विधवा बाईला, गावातल्या दवाखान्यात पडलेल्या परगावच्या पेशंटला उपयोगी पडेल. मूठ कधी वाया जात नाही.

आता शेवटची आणि कठीण गोष्ट. ती आमच्याच अंगावर आलेली आहे म्हणून सांगणे भाग आहे.

२०१५ च्या दुष्काळात आम्ही हाच उद्योग आमच्या गावी केला होता. चौदा लेकरे मागे राहिली होती. घरोघरी फिरलो, धान्य जमविले, आमच्यातल्या एकाच्या घरात पोती रचली. दोन महिने चूल चालली. मग एके दिवशी पारावर कोणी विचारले, किती जमले आणि किती उरले? आम्हांला राग आला. आम्ही उलट विचारले, आमच्यावर भरवसा नाही काय? खरे सांगतो, एक दाणाही कोणी खाल्लेला नव्हता. परंतु एक दाणाही कोणी लिहिलेला नव्हता! विचारणाऱ्याला उत्तर न मिळाल्याने त्याने स्वतःच उत्तर तयार केले, आणि ते आठ दिवसांत गावभर झाले. संक्रांतीपर्यंत धान्य येणे बंद पडले. चूल विझली. लेकरे एकेक करून आईबापांकडे उसाच्या फडात पोचती झाली.

त्यांत सातवीतली एक मुलगी होती. हिशेबात वर्गात पहिली. ती पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. आज ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता आहेत, आणि तिचे लेकरू यंदा पहिलीत बसावयाचे आहे. पुष्कळ रात्री आमच्या मनात येते, की त्या वेळी पोत्यांचा हिशेब आम्ही त्याच मुलीला लिहावयास दिला असता, तर हिशेबही राहिला असता आणि मुलगीही राहिली असती. दोष पावसाचा नव्हे, विचारणाऱ्याचाही नव्हे. आमच्या गर्वाचा आहे. जो लोकांचे धान्य हाती घेतो त्याने लोकांच्या प्रश्नाला रागावण्याचा हक्क पहिल्याच मुठीबरोबर सोडला पाहिजे.

म्हणून ह्या खेपेस नियम असे करू. कोठीला दोन कुलुपे; एक किल्ली एका बाईपाशी, दुसरी वेगळ्या वाड्यातल्या माणसापाशी. जमा आणि खर्च शाळेच्या फळ्यावर रोज मांडावयाचा, आणि तो सातवी-आठवीच्या मुलामुलींनी मांडावयाचा. दर महिन्याच्या शेवटी चावडीपुढे तो मोठ्याने वाचावयाचा. कोणाची मूठ आली नाही, तर त्याचे नाव वाचावयाचे नाही. त्याच्या घरी काय अडचण आहे ते जाऊन पाहावयाचे. कदाचित उद्या त्यालाच मूठ द्यावी लागेल. गावाबाहेर वर्गणी मागावयाची झाली तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे धर्मादाय कचेरीस आधी कळवावयाचे, पावतीशिवाय पैसा घ्यावयाचा नाही. आणि ज्याने हिशेब विचारला त्याला चहा पाजावयाचा. कारण तोच ह्या कामाचा खरा राखणदार.

मायबहिणींनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी आहे. आपले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई. तिच्या नावावर शेत नव्हते, घर नव्हते. तरी सातशे वर्षे होत आली, जात्यावर बसणाऱ्या बायांनी तिला विसरू दिले नाही. आता जाती कोपऱ्यात गेली, दळण गिरणीत जाते. परंतु गिरणीत नेण्यापूर्वी धान्य निवडणारा हात तुमचाच आहे. उद्या सकाळी दळण निवडताना सुपातून एक मूठ बाजूच्या डब्यात टाका. घरधन्याला विचारावयाचे असेल तर विचारा. तो नाही म्हणाला तर त्याला ह्या सभेत काय झाले ते सांगा.

गाड्या चार-आठ दिवसांत येतील. त्या वेळी त्या मुलीच्या लेकराने गाडीत चढावे की शाळेत बसावे, हे मुकादम ठरविणार नाही. ते उद्या सकाळी तुमच्या सुपाशी ठरेल. आज घरी जाताना प्रत्येकाने वाटेतल्या एका दारात थांबून ही गोष्ट सांगावी, एवढीच विनंती करून आम्ही तुमची रजा घेतो.